नावाचं वाटोळं

अभिनंदन! मुलगा झाला, पेढे वाटून झाले, बारशाला हॉलही मिळाला. राहिलं फक्त नाव. विहान, कियान, अयांश ही नावं तुम्ही पहिल्याच फटक्यात कापलीत, उत्तम केलंत. आमच्या सोसायटीत 'कियान' अशी हाक मारली की तीन गॅलऱ्यांतून तीन डोकी वर येतात. तुम्हाला असं नाव हवंय की ऐकणाऱ्याला वाटावं, या पोराच्या पणजोबांची कुठेतरी बर्फात हवेली आहे. म्हणजे स्कँडिनेव्हियन. दिशा बरोबर आहे. मी सात वर्षं स्वीडनमध्ये यॉटेबोरीत काढली (तुम्ही त्याला गोथेनबर्ग म्हणता, ते आधी बंद करा), तेव्हा हक्काने सांगतो.

नाव कागदावर वाचून ठरवू नका, कुणाकडून तरी म्हणवून घ्या. 'थॉर' तुमच्या यादीत असणारच. आडनाव थोरात असेल तर थोर थोरात, शोभेलही. पण स्वीडन-नॉर्वेत या नावातला 'थ' केव्हाच गळालाय, तिथे म्हणतात 'तूर'. आजी विचारणार, दुसरा झाला तर मसूर का? 'दाग' हे तर फारच भारदस्त. दाग हमरशोल्ड १९५३ पासून १९६१ साली विमान अपघातात जाईपर्यंत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते, मरणोत्तर शांततेचं नोबेल मिळालं, वडील स्वीडनचे पंतप्रधान राहिलेले. अर्थही किती प्रसन्न: दिवस. फक्त तो अर्थ तुमच्या पोराला शाळेच्या प्रत्येक वर्गात, दरवर्षी नव्याने समजावून सांगावा लागेल.

डॅनिश लोकांत 'काय' असं एक सुटसुटीत नाव आहे. आधार केंद्रावर मजा येईल. "नाव काय?" "काय." "अहो, बाळाचं नाव विचारतोय." "तेच. काय." 'ओले'ही चांगलं. ओले कर्क क्रिस्टियान्सन या डॅनिश सुताराने बिलुंड गावात १९३२ पासून लाकडी खेळणी बनवली, तीच पुढे लेगो झाली. शिवाय पहिली दोन वर्षं हे नाव मराठीतही खरं ठरेल, दुपटं चाचपायचीसुद्धा गरज नाही.

मग जिन्याची परीक्षा. खालच्या मजल्यावरचा पोरगा क्रिकेटला बोलवायला आला की काय हाक मारेल, ते आत्ताच मारून पाहा. गणेशचा गण्या आणि प्रकाशचा पक्या करणारी ही जमात गुस्तावला सोडणार आहे का? गुस्त्या होईल. लार्सचा लाऱ्या, मॅग्नसचा मग्न्या, ओलाफचा ओल्या. सहाशे वर्षांचा राजवंश दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर येईपर्यंत खलास.

जाता जाता तुर्भ्याच्या आयकियातही एक चक्कर टाका. 'इवार' आवडलंय ना? ती तिथे मांडणी आहे. 'बिली' म्हणजे पुस्तकांचं कपाट. दुकानाचे संस्थापक इंग्वार काम्प्राद यांना डिस्लेक्सिया होता, आकडे डोक्यात राहत नसत, म्हणून त्यांनी मालाला नावं दिली. तुमचा इवार मोठा होऊन नवी मुंबईत फ्लॅट घेईल तेव्हा स्वतःला स्वतःच पान्याने जोडेल.

आता खरा मुद्दा, खानदान. इथे नीट लक्ष द्या, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. परदेशी नाव म्हणजे वरचा वर्ग, हे गणित आपलं. स्वीडनमध्ये ते नेमकं उलटं चालतं. तिथल्या कामगार घरांनी विसाव्या शतकात सिनेमा आणि रेडिओवरून इंग्रजी नावं उचलली: रॉनी, कॉनी, केनी, जॉनी. शेवटी 'वाय' येतो म्हणून ती 'वाय-नावं'. असं नाव कानावर पडलं की उच्चभ्रू स्वीडिश माणसाची भुवई मिलिमीटरभर वर जाते. तिकडच्या मानाने हा थयथयाटच म्हणायचा. डेन्मार्कमध्ये तोच मान 'ब्रायन'ला. आमच्या यॉटेबोरीत तर 'ग्लेन'. तिथल्या फुटबॉल संघात ऐंशीच्या दशकात एकदम चार ग्लेन होते, तेव्हापासून यॉटेबोरीत सगळ्यांचंच नाव ग्लेन असतं, अशी देशभर थट्टा चालते. म्हणजे हे लोक ज्या नावाला नाक मुरडतात ते आपल्याकडे मिशन शाळेतलं, आणि त्यांच्या शेतकऱ्याचं नाव आपल्याला हवेलीतलं वाटतं.

मग त्यांचा वरचा वर्ग काय ठेवतो? जुनीच नावं, पण स्पेलिंग जुनाट. कार्ल 'के'ने लिहिला तर तो बस चालवत असेल, 'सी'ने लिहिला तर जंगल त्याच्या मालकीचं असेल. गुस्तावच्या शेवटी 'व्ही' नाही, 'एफ'. राजाचं पूर्ण नाव कार्ल गुस्ताफ फोल्के हुबेर्टुस, त्यात कार्लचा 'सी' आणि गुस्ताफचा 'एफ' दोन्ही जागच्या जागी. ही सोय तुमच्या उपयोगाची नाही, देवनागरीत 'सी' आणि 'के' दोन्हींचा 'क'च होतो. बघा, एवढी जुनी लिपी आणि श्रीमंती दाखवायला एक अक्षर नाही!

आणि कार्लचा अर्थ? साधा माणूस. जुन्या नॉर्स भाषेतलं 'रीग्सथुला' नावाचं एक काव्य आहे, त्यात समाजाचे तीन वर्ग कसे जन्मले ते सांगितलंय. गुलामांचा मूळपुरुष थ्रेल, शेतकऱ्यांचा कार्ल, सरदारांचा यार्ल. म्हणजे राजाचं नाव मधल्या रांगेतलं. बरं, त्या सरदार यार्लने स्वतःच्या पोरांची नावं तरी काय ठेवली? त्यात एक 'बार्न' आहे, एक 'सोन', एक 'स्वेन'. अर्थ अनुक्रमे बाळ, मुलगा, पोरगा. आपल्याकडे बाळ आणि बंड्या नावाची माणसं साठीपर्यंत सुखाने जगली, तेव्हा कुणाला सुचलं नाही की आपण थेट यार्लच्या घरातले आहोत.

सरदारी आडनावांकडे तर वळूच नका. स्टॉकहोमच्या उमराव सभागृहात ढाली टांगून ठेवलेल्या घराण्यांत 'स्विनहुफ्वुद' आहे. अर्थ, डुकराचं डोकं. याच घराण्याचा माणूस १९३१ ते १९३७ फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष होता आणि त्याने आडनाव बदलायचा अर्ज केल्याचं ऐकिवात नाही. 'ओक्सेनशेर्ना' म्हणजे बैलाचं कपाळ. आणि स्वीडनच्या सगळ्यात जुन्या उमराव घराण्यांपैकी एक आहे, इंग्रजीत लिहिलं तर थेट आपले बोंडे. म्हणायचं 'बुन्दे', अर्थ 'शेतकरी'. पंधराव्या शतकात त्यांच्यातला एक राजाही झाला. वऱ्हाडातल्या समस्त बोंडे मंडळींना विनंती, तुम्ही पोराचं नाव काहीही ठेवा. तुमचं काम आडनावानेच झालंय.

स्वीडनचं सध्याचं राजघराणं बर्नादोत, म्हणजे फ्रान्समधल्या पो गावच्या एका सरकारी वकिलाचा वंश. त्या वकिलाचा मुलगा नेपोलियनचा सेनापती होता, तो १८१० मध्ये वारस म्हणून स्वीडनला आला आणि कार्ल योहान झाला. त्याच्या मुलाचं नाव ऑस्कर, आयरिश दंतकथेतलं, नेपोलियनच्या आवडीचं. नॉर्वेला १९०५ मध्ये राजा हवा होता, त्यांनी डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल आणला, त्याचा होकून केला आणि त्याच्या दोन वर्षांच्या अलेक्झांडरचा ओलाव. दोन वर्षं पोराला एका नावाने हाक मारायची आणि मग देश बदलला म्हणून दुसऱ्या. तुम्हालाही हे जमेल. फक्त त्यांना गॅझेट आणि पॅन कार्डाची कटकट नव्हती.

तुम्ही तिकडेच राहत असाल तर मात्र सांभाळून. स्वीडनमध्ये बाळाचं नाव तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि कळवायचं कुणाला, तर कर खात्याला. एका जोडप्याने पाच वर्षं नावच नोंदवलं नाही. कोर्टाने पाच हजार क्रोना दंड केला. चिडून त्यांनी १९९६ मध्ये अक्षरं आणि आकडे मिळून ४३ खुणांचं, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं नाव दिलं आणि सांगितलं, उच्चार 'आल्बिन'. नामंजूर. मग त्यांनी नुसतं 'ए' दिलं, उच्चार तोच. तेही नामंजूर. डेन्मार्कात तर सरकारच मंजूर नावांची यादी ठेवतं, बाहेरचं हवं तर अर्ज करा. आणि एवढं करून खुद्द स्वीडिश आईबाप हल्ली काय ठेवतात? नोआ, लियाम, ह्यूगो. एक हिब्रू, एक आयरिश, एक जर्मन. वायकिंग सगळे पुण्यात जन्माला येताहेत.

माझ्या यॉटेबोरीतल्या मित्राने हे सगळं ऐकून घेतलं आणि मुलाचं नाव 'ओके' ठेवलं. खरं नाव आहे, जुनं, अस्सल. स्वीडिश सहकारी कॉफीचा कप खाली ठेवून गहिवरला: "माझ्या आजोबांच्या भावाचं नाव! त्यांचा गोठा होता." बारसं साताऱ्याला. चांदीच्या ताटात तांदूळ पसरलेले, काका अंगठी घेऊन नाव लिहायला बसले. मित्र म्हणाला, देवनागरीत नको, स्वीडिश अक्षर काढा. इंग्रजी मोठा 'ए' आणि त्याच्या डोक्यावर वाटोळं.

"कशाचं वाटोळं?" आजी आतून ओरडल्या. "बारशाच्या दिवशी काय बोलताय!"

काकांनी 'ए' काढला. वाटोळं काही तांदळात ठरेना, दाणे घसरून मिटून जाई. शेवटी त्यांनी अंगठीच त्याच्या डोक्यावर ठेवून दिली. तेवढ्यात पाळण्यापाशी गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्या वाकली, कानात कुर्रर्र केलं आणि मान वर करून मोठ्याने म्हणाली, "ओके!"

"ओके ना? मग सांग की नाव," बायका म्हणाल्या, आणि पाठीत धपाटे चालूच.

"सांगितलं ना! ओके!"

"अगं हो, ओके, पण नाव?"

हा गोंधळ निस्तरेपर्यंत आजी बाहेर आल्या. सोनं असं उघड्यावर कुणी ठेवतं का, असं पुटपुटत त्यांनी अंगठी उचलून बोटात घातली. तांदळात उरला नुसता 'ए'.