काका, तुमचा दुसरा मुद्दा बरोबर आहे

नमस्कार काका. तुम्ही स्वतःच ‘तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे’ असं लिहिलंय, म्हणून काका म्हणते.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या न्यूअर्क विमानतळावर को-पायलट असताना मी तिथल्याच एडिसन गावातल्या किराणा दुकानात काम करायचे, त्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. पायलटला लाखांनी पगार असतो, तेव्हा हे रडगाणं खोटं आहे. खरं असेल तर आणखी वाईट, कारण दुकानात राबून दमलेली मुलगी पन्नास माणसांना घेऊन उडत होती, आणि ही प्रवाशांशी बेइमानी झाली. शिवाय तुमचा भाचा पायलट व्हायचं म्हणतोय, असलं वाचून त्याचं मन खचेल, तेव्हा लेख काढून टाकावा.

दुसऱ्या मुद्द्याने मला रात्रभर झोप लागली नाही. पण आधी पगाराचं सांगते, कारण तो हिशोब कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुम्ही बँकेत होतात, आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर दिसतील.

२००७ च्या सप्टेंबरात मी लागले तेव्हा माझा दर तासाला २१ डॉलर होता. हा ड्युटीचा तास नव्हे. दार लागून ब्रेक सुटला की पगाराचं घड्याळ सुरू, आणि पुढच्या गेटला ब्रेक लागला की बंद. त्याआधी हवामान बघणं, टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरून तपासणी करणं, बर्फामुळे उड्डाण लांबलं तर टर्मिनलमध्ये ताटकळणं, याचे पैसे नाहीत. बारा तास युनिफॉर्ममध्ये काढले तरी पगाराचे तास पाचच भरायचे. महिन्याला ७५ तासांची हमी होती, म्हणजे १,५७५ डॉलर. कर आणि विमा कापून हातात तेराशेच्या आतच. त्यातले ६४० शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्याला. त्या कर्जावर बाबांची सही होती आणि त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली होती. हप्ता चुकला असता तर बँकेचा फोन त्यांना गेला असता. घरभाड्यातला माझा वाटा वेगळाच. ‘बापाच्या जिवावर छंद’ असं तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, काका. छंद असता तर मी दुसऱ्याच महिन्यात सोडून दिला असता.

तुम्ही ऐकलेला लाखांचा आकडाही खोटा नाही. तो मोठ्या कंपनीच्या जुन्या कॅप्टनचा. तिकिटावर त्या कंपनीचं नाव, शेपटीवर तिचाच रंग, पण आत बसलेले आम्ही तिच्यासाठी कंत्राटावर उडणाऱ्या छोट्या कंपनीचे. प्रवाशाला हा फरक दिसत नसे. आणि मोठ्यांचंही त्या काळात फार बरं चाललं नव्हतं. १५ जानेवारी २००९ ला हडसन नदीत विमान उतरवून १५५ माणसं वाचवणाऱ्या दोघांनी पुढच्याच महिन्यात अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. कॅप्टन सलनबर्गर म्हणाले, पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आणि पेन्शन गेली. को-पायलट जेफ्री स्काइल्स म्हणाले, मी घरबांधणीची कंत्राटं घेतो, गेली सहा वर्षं दोन्ही कामं मिळून आठवड्याचे सातही दिवस राबतोय. मी तर तेव्हा दीड वर्षाचीच नवखी होते.

आता तुमचा दुसरा मुद्दा.

एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या त्या दुकानात माझी पाळी पहाटे पाच ते अकरा. ट्रकमधून मेथी-कोथिंबिरीचे खोके उतरवायचे, ओल्या जुड्या सोडवून पिवळी पानं काढायची, तूरडाळीच्या पोत्यातून चार-चार पाउंडांच्या पिशव्या भरून वजन करून सील मारायच्या. मालक गुजराती, स्वभावाने चांगले, पैसे दर शनिवारी हातात. घरी येऊन आंघोळ, आईने वाढलेलं दोन घास, आणि एक वाजता विमानतळावर हजर. साबणाने कितीही धुतले तरी बोटांना मेथीचा वास राहायचा. चेकलिस्टचं पान उलटताना तो नाकाला यायचा, अजूनही मेथी निवडताना मला कॉकपिट आठवतं.

२००८ च्या फेब्रुवारीत दिवसाचं चौथं उड्डाण, रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला. कॅप्टन हाताने विमान उडवत होते, म्हणून रेडिओवर बोलणं आणि किती उंचीवर थांबायचं तो आकडा यंत्रावर लावणं माझ्याकडे. कंट्रोलरने अकरा हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. मी रेडिओवर अकरा हजार म्हटलं आणि हाताने दहा हजार लावले. आमच्याकडे नवीन आकडा लावला की दोघांनी त्याच्याकडे बोट करून तो म्हणायचा, अशी पद्धत. मी बोट केलं. कॅप्टन बोट करून काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला आकडा दिसत होता, चूक दिसत नव्हती. तीन-चार सेकंदांनी त्यांनी स्वतःच बटण फिरवून अकरा केलं. काही घडलं नाही, कुठे नोंद झाली नाही. खाली उतरून इंजिनं बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, “आज किती वाजता उठलीस?” मी म्हटलं, चारला. “ड्युटी तर एकला लागली ना?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

नियमाने मी पूर्ण विश्रांती घेतलेली पायलट होते. कायदा मोजायचा ते उडण्याचे तास. उडायला शिकवून मी पैसे घेतले असते तर ते तास महिन्याच्या १०० तासांच्या मर्यादेत धरले गेले असते. मेथी निवडण्याचे तास कोणीच मोजत नव्हतं. विश्रांतीचा हिशोबही तसाच: नऊ तास, तेही कमी करून आठवर आणता यायचे, आणि त्या आठांत हॉटेलच्या गाडीची वाट, जेवण, आंघोळ, झोप, परतीची गाडी सगळं बसवायचं. म्हणजे झोप साडेपाच तास, नशीब असेल तर सहा.

तरीही मी कायद्यामागे लपणार नाही. त्या दिवशी उडायला नको होतं, हे मला एक वाजता ठाऊक होतं. फोन करून ‘दमलेय’ सांगता आलं असतं. नवीन होते, प्रोबेशनवर होते, नाव खराब होईल या भीतीने सांगितलं नाही. मागच्या पन्नास माणसांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बेइमानी हा तुमचा शब्द मी मान्य करते. त्या आठवड्यातच पहाटेची पाळी सोडली आणि सुट्टीच्या दिवशी गणिताच्या शिकवण्या धरल्या. पैसे कमी मिळाले, दोन हप्ते मामाकडून उसने घेऊन भरले.

बरोबर एका वर्षाने, १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री, आमच्याच न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं विमान धावपट्टीच्या अलीकडे एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. को-पायलट २४ वर्षांची होती. आदल्या रात्री ती सिअ‍ॅटलजवळच्या आईवडिलांच्या घरून मालवाहू विमानांतून देश ओलांडून ड्युटीवर आली होती. चौकशीत तिचा वर्षाचा पगार सोळा हजार डॉलरच्या आसपास असल्याचं सांगितलं गेलं, आणि काही काळ ती कॉफीच्या दुकानातही काम करायची हे निघालं. अपघाताचं कारण थकवा, असं अहवाल म्हणत नाही. वेग घटल्याचा इशारा आल्यावर कॅप्टनने नाक खाली करायचं सोडून वर ओढलं, हे कारण. दोघेही थकलेले असावेत, पण त्याने किती फरक पडला ते ठरवता आलं नाही, एवढंच त्यात आहे. तरी तिचं वय आणि पगार पेपरात वाचला त्या दिवशी मी जेवले नाही.

त्या ५० जणांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनला खेटे घालून कायदा बदलून घेतला. २०१० मध्ये तो झाला. २०१३ पासून को-पायलटलाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव लागतो. जानेवारी २०१४ पासून विश्रांती किमान दहा तास, त्यात आठ तास सलग झोपेची संधी, आणि प्रत्येक उड्डाणाआधी ‘मी उडायला तंदुरुस्त आहे’ अशी पायलटची सही. पगार मात्र कायद्याने वाढले नाहीत. पायलट मिळेनासे झाले तेव्हा वाढले: २०२२ मध्ये काही छोट्या कंपन्यांनी नवख्यांना तासाला ९० डॉलर जाहीर केले.

भाच्याबद्दल थोडंच लिहिते. त्याला जरूर शिकू द्या. कर्ज काढणार असाल तर लायसन्स मिळाल्यापासून नोकरी लागेपर्यंतचे हप्ते कोण भरणार, हे आधी कागदावर लिहा. दोन वर्षं धरून चाला. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मी रविवारी मोकळी असते.

लेख मी काढणार नाही. पण त्यात ‘तेव्हा सगळेच असं करायचे’ असं एक वाक्य आहे, ते आज खोडलंय. त्याच्या जागी सिरॅक्यूजची ती रात्र लिहून काढली आहे, ती मूळ लेखात नव्हती.