रंग अद्याप ठरलेला नाही

माझा प्रबंध मरून रंगाचा आहे, आणि तो मरून रंगाचा आहे म्हणून विद्यापीठाने परत केला. आतल्या मजकुराबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती, कारण आत कोणी डोकावलेच नव्हते. खिडकीतल्या बाईंनी तिन्ही प्रती हातात घेतल्या, पुठ्ठ्यावरच्या सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवले आणि अत्यंत सौजन्याने सांगितले, की एम.बी.ए.ला काळा रंग असतो, एम.एस्सी.ला मरून आणि एम.कॉम.ला गडद निळा; प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम मात्र नवा असल्यामुळे त्याचा रंग अद्याप ठरलेला नाही, तो समितीच्या बैठकीत ठरेल. बैठक केव्हा आहे, असे मी विचारले. "बैठकीची तारीखही बैठकीतच ठरते, मॅडम," त्या म्हणाल्या. प्रबंध जमा करण्याची शेवटची तारीख मात्र ठरलेली आहे, आणि ती उलटल्यावर रोज किती विलंब शुल्क लागेल हेही ठरलेले आहे.

मी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवारी हा अभ्यासक्रम करते. म्हणजे एखादे काम ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या पैशांत आणि ठरलेल्या दर्जाने कसे पार पाडावे, याचे शास्त्र मी स्वतःच्या पगारातून फी भरून शिकले आहे. या शास्त्रात रंगाच्या प्रश्नालाही उत्तर आहे. काम कोणी करायचे, त्याचा जाब कोणी द्यायचा, सल्ला कोणाचा घ्यायचा आणि नंतर कळवायचे कोणाला, हे सांगणारा एक तक्ता असतो. त्याला रेसी मॅट्रिक्स म्हणतात आणि त्यात प्रत्येक कामापुढे जाब देणारा माणूस एकच असावा, असा दंडक आहे. हा तक्ता आम्हांला ज्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शिकवला, तिच्याच तळमजल्यावर ही खिडकी आहे. मधल्या जिन्यात शास्त्र कुठेतरी सांडले असावे.

आणि हे इंदुरात व्हावे! २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिला नंबर मिरवणाऱ्या या शहरात रंगांच्या बाबतीत कोणी गाफील नाही. ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात, हे आमच्या गल्लीत बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असते, आणि चुकून संत्र्याची साल निळ्या डब्यात पडली, तर सकाळच्या गाडीवरचा माणूस सगळ्या आळीसमोर डबा परत करतो. सालीने कोणत्या रंगात जायचे हे ठरलेले आहे. माझ्या संशोधनाने कोणत्या रंगात जायचे, हे बैठकीत ठरेल.

पण खिडकीवरच्या बाईंपेक्षाही मला जास्त खुपतो आहे तो त्याच दुपारी, खिडकीवर जाण्यापूर्वी, खजुरी बाजारात झालेला संवाद.

राजवाड्याजवळच्या या बाजारात, पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत, एका जिन्याखाली आप्पांचे बाइंडिंगचे दुकान आहे. आत एक माणूस बसेल एवढी जागा, दाबाचे एक जुने लोखंडी यंत्र, खळीचे पातेले आणि भिंतीला टेकून ठेवलेले हायकोर्टाच्या वकिलांचे निकालांचे खंड. आप्पांचे मराठी चार पिढ्या इंदुरात मुरलेले आहे आणि त्यांना एक खोड आहे: जे बांधायला येते, ते ते वाचतात. मी पोहोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि खिडकी पाचला बंद होणार होती.

"आप्पा, केव्हा होईल?"

"होऊन जाईल, ताई."

आमच्या शास्त्रात हे उत्तर ग्राह्य नाही. १९५८ मध्ये अमेरिकेच्या नौदलाला पाणबुडीतून डागायचे पोलारिस क्षेपणास्त्र तयार करायचे होते, आणि पूर्वी कधीच न केलेल्या कामाला किती वेळ लागेल हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हते, म्हणून पर्ट नावाची पद्धत निघाली. काम करणाऱ्याकडून तीन अंदाज घ्यायचे: सगळे सुरळीत झाले तर किती वेळ, बहुधा किती, आणि सगळेच फिसकटले तर किती. बहुधाच्या अंदाजाला चारने गुणायचे, उरलेले दोन त्यात मिळवायचे आणि आलेल्या बेरजेला सहाने भागायचे. ज्या पद्धतीपुढे क्षेपणास्त्रांच्या कंत्राटदारांनी मान तुकवली, तिच्यापुढे आप्पा कितीसे टिकणार होते?

"आप्पा, सगळं नीट झालं तर किती वाजता?"

"तीन वाजता घेऊन जा."

"आणि बहुधा?"

"बहुधा काय? तीन म्हणून राहिलो न."

"बरं, आणि समजा सगळंच बिघडलं?"

आप्पांनी खळीचा ब्रश पहिल्यांदाच खाली ठेवला. "म्हणजे काय बिघडून राहिलं?"

"काहीही. पाऊस आला. तुमचा भाचा आला नाही."

"पाऊस आला तर तुम्ही भिजाल, मी तर आत आहे. आणि भाचा नाही आला तर काम लवकर होईल." मग त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "एकाच गोष्टीनं बिघडू शकतं. गिऱ्हाईक समोर बसून विचारत राहिलं, तर उद्या तीन वाजता."

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. सुरळीतचे तीन तास, तीन चोक बारा, आणि फिसकटल्याचे सत्तावीस. बेरीज बेचाळीस, भागिले सहा, म्हणजे सात तास. शास्त्राप्रमाणे माझा प्रबंध संध्याकाळी सात वाजता तयार होणार होता. हे मी आप्पांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितले.

"सात कोण म्हणालं?"

"सूत्राप्रमाणे येतात."

"मग सूत्राकडूनच बांधून घ्या न, ताई."

पर्ट हरल्यावर मी क्रॅशिंगकडे वळले. काम लवकर व्हायला हवे असेल, तर जास्त पैसे ओतून त्यातला वेळ विकत घेता येतो. फक्त ज्या कामांच्या साखळीत जराही सैलपणा नाही, तिच्यावरच पैसे ओतायचे असतात, नाहीतर ते वाया जातात. ही साखळी शोधण्याची रीत १९५७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यू पाँट या रसायने बनवणाऱ्या कंपनीत आकाराला आली आणि त्या साखळीलाच क्रिटिकल पाथ म्हणतात. मी आप्पांना जास्त पैसे देऊ केले. ते मुळीच रागावले नाहीत, उलट त्यांना माझी कीव आल्यासारखे वाटले. "पैसे तुम्ही मला द्याल. खळीला कुठून देणार? ती तर आपल्याच टायमाला वाळते."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. वाळण्याच्या वेळेला आमच्याकडे लॅग म्हणतात आणि तिच्यात माणूस घालता येत नाही, हे मी स्वतः उत्तरपत्रिकेत लिहिले आहे. आप्पांनी मात्र पाने दाबाखाली ठेवून तेवढ्या वेळात पुठ्ठ्यांवर रेक्झिन चढवले आणि सोनेरी अक्षरेही उमटवून घेतली. एकामागून एक करायची कामे अशी एकाच वेळी करण्याला फास्ट ट्रॅकिंग म्हणतात, आणि परीक्षेत त्यावर सविस्तर उत्तराचा प्रश्न असतो. आप्पांनी तो तोंडात सुपारी ठेवून सोडवला.

मग भाचा आला. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली की ते काम आणखी लांबते, असे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवले आहे, आणि आय.बी.एम.मध्ये मोठे काम हाताळून त्यांनी हे शहाणपण मिळवले होते. खजुरी बाजारात ते फुकट बघायला मिळते. भाच्याला ब्रश कसा धरायचा हे आप्पांनी दाखवले, मग खळ किती लावायची हे दाखवले, मग त्याने लावलेली खळ पुसून घेतली आणि शेवटी त्याला पोहे आणायला पाठवून दिले. तो गेल्यावर काम पुन्हा सुरू झाले.

इथवर सगळे मला सोसवले असते. पण आप्पा वाचत होते. परिशिष्टात प्रबंधाच्या कामाचे वेळापत्रक गँट चार्टच्या रूपात जोडलेले आहे. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखला जाणारा हा आडव्या पट्ट्यांचा तक्ता शंभराहून अधिक वर्षे जगभर चालतो आहे. आप्पांनी ते पान उजेडाकडे धरले आणि शेवटच्या पट्टीपुढच्या काळ्या तिरप्या चौकोनावर बोट ठेवले.

"हे काय काढलं?"

"तो माइलस्टोन आहे, आप्पा. प्रबंध सादर करणे."

"याची पट्टी कुठंय?"

"माइलस्टोनला पट्टी नसते. ती घटना असते. तिला शून्य वेळ लागतो."

"शून्य?"

"शून्य."

आप्पांनी ते पान फिरवून दुकानाच्या पायरीवर खंडांची वाट बघत बसलेल्या वकिलाच्या मुनीमला दाखवले. "बघा हो, यांच्या कॉलेजात कागद जमा करायला शून्य वेळ लागतो." मुनीम आधी नम्रपणे हसला, मग त्याने चष्मा काढला, आणि मग त्याला ठसका लागून शेजारच्या दुकानातून पाणी मागवावे लागले. माझ्या कामाला कोणीही हसावे, पण कोर्टातल्या माणसाने वेळेवरून हसावे, हे मला अजून पचलेले नाही.

ठसका थांबल्यावर बोलण्यात अहिल्याबाई होळकर आल्या, आणि त्या येणार हे इंदुरात राहणाऱ्या कोणालाही आधीच कळले असते. त्या बसायच्या महेश्वरात, आणि १७८० मध्ये काशीला विश्वनाथाचे मंदिर उभे केले. कुठला चार्ट होता त्यांच्याकडे, असे आप्पांनी मला विचारले. आमच्याकडे कोणत्याही वादात अहिल्याबाईंचे नाव निघाले की वाद तिथेच मिटतो, कारण पुढे बोलेल तो उद्धट ठरतो. नाहीतर मला सांगायचे होते, की हिशेबाच्या काटेकोरपणाबद्दलच तर त्यांची ख्याती आहे, इतक्या लांबून कामे करून घेणारी बाई कागदावर मांडल्याशिवाय एक दगड हलू देत नसणार, आणि काशीत किती गवंडी न सांगता गावी निघून गेले हे कोणी देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवत नाही. मी यातले काहीही बोलले नाही. मुनीम माझ्याकडे बघत होता.

प्रबंध तीनच्या आधी तयार झाला.

त्यापुढचे खिडकीचे सांगून झाले आहे, पण एक गोष्ट राहिली. आमच्याच वर्गातल्या एका मुलाने आधीच्या आठवड्यात काळ्या रंगाचा प्रबंध जमा केला आणि तो स्वीकारला गेला, कारण त्या दिवशी खिडकीवर दुसरे कोणी होते. तो रंग चूक की बरोबर हेच ठरलेले नसल्यामुळे त्याचा प्रबंध आता परतही करता येत नाही. मग मीही काळाच करून आणते, एवढे मला लेखी द्या, असे मी म्हटले, तर लेखी देण्याचा अधिकार समितीला आहे. विलंब शुल्क माफ करावे असा अर्ज केला, तर तो अर्जही त्याच समितीपुढे जाईल. विद्यापीठाच्या स्वतःच्या दिरंगाईचा दंड विद्यार्थ्याच्या खिशातून निघावा, यात कोणालाच काही वावगे वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर इथे मला मुळीच हसू येत नाही. फी भरायला एक दिवस उशीर झाला असता, तर माझे परीक्षेचे प्रवेशपत्र अडले असते. तेव्हा कोणत्याही बैठकीची वाट बघावी लागली नसती.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही १९६९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतली संस्था या विषयाचे दंडक लिहिते. तिच्या मार्गदर्शिकेच्या २०१७ च्या आवृत्तीत या शास्त्राच्या ४९ प्रक्रिया आहेत. त्या आम्ही घोकल्या, तोवर २०२१ ची आवृत्ती येऊन चुकली होती, आणि तिने प्रक्रियांना मागे सारून १२ तत्त्वे पुढे आणली. आमच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत मात्र ती पोहोचली नव्हती, त्यामुळे आम्ही ४९ च लिहून आलो. त्यांतली एक प्रक्रिया हितसंबंधी व्यक्ती ओळखण्याची आहे. ज्यांच्यामुळे काम अडू शकते अशा सगळ्यांची नावे सुरुवातीलाच नोंदवून ठेवायची. माझ्या प्रबंधाच्या नोंदवहीत मार्गदर्शक आहेत, कारखान्याचे व्यवस्थापक आहेत, माझी सासूही आहे. रंग न ठरवणारी समिती कोणत्या रकान्यात लिहायची, हे ४९ प्रक्रियांत नाही आणि १२ तत्त्वांतही नाही.

काल तिन्ही प्रती घेऊन मी पुन्हा खजुरी बाजारात गेले. आप्पांनी मरून रेक्झिनवर नखाने टिचकी मारली, अक्षरे जशीच्या तशी आहेत ना ते पाहिले आणि विचारले, "मग आता कोणता रंग?"

"ठरलेला नाही."

"केव्हा ठरेल?"

"होऊन जाईल," मी म्हणाले.

आप्पांनी जुने पुठ्ठे सोडवण्याचे आणि नवे चढवण्याचे पैसे वेगवेगळे सांगितले, आणि ते आगाऊ मागितले. त्यांच्या डोक्यावर, खिळ्याला, वकिलांची थकलेली बिले जाड गठ्ठ्याने लटकत होती. त्यांच्याकडे बोट दाखवून मी विचारले, की मग यांच्याकडून आगाऊ का घेत नाही?

"वकील उशिरा देतात, पण देतात," आप्पा म्हणाले. "तुम्ही मॅनेजमेंटवाले, ताई. तुमचं काही ठरतच नाही."