रिटर्न भरला, परत काय आलं?

आमच्या स्टाफरूममध्ये इन्कम टॅक्सचा रिटर्न म्हंजे पैसे परत, एवढीच व्याख्या चालते. शेजारच्या वर्गाच्या सरांना एकदा अकरा हजार आले होते, त्यांनी अख्ख्या शाळेला पेढे वाटले, तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की फॉर्म भरला की प्रसाद मिळतोच, कुणाला मूठभर कुणाला चिमूटभर. दुसरे एक सर तर स्लॅब ओलांडला की सगळ्याच पगारावर २० टक्के लागतेत म्हणून इन्क्रिमेंटच्या नावानं घाबरायचे. वरच्या रकमेवरच लागतेत म्हणून सांगून आम्ही थकलो. असो.

तर २०२४ चा जुलै. शेवटच्या आठवड्यात आमच्या लातूरच्या कॉलनीतल्या ऑनलाइन सेंटरवर गेलो तर ही भलीमोठी रांग, सगळे पीक विम्याचे, हातात सातबारा, आधार, पासबुक. विम्याची शेवटची तारीख ३१ अन् रिटर्नचीबी ३१. रांगेतले एक काका म्हणले, सर आमचा विमा एक रुपयात, तुमचं कितीत? मी छाती फुगवून म्हणलो, माझं उलटं आहे काका, मलाच मिळणारेत.

सेंटरवाल्या पोरानं आधी जुन्या रिजीमवर, म्हंजे टॅक्स मोजायच्या जुन्या पद्धतीवर, टिक केली, कारण मेव्हण्याच्या आग्रहानं काढलेल्या तीन पॉलिस्यांना नवीनमध्ये कुत्रं विचारत नाही, आणि तारीख चुकली की नवीनमध्येच ढकलतेत. मग त्यानं एआयएस नावाचं, वर्षभराच्या कमाईची सरकारी नोंद असलेलं पान उघडलं. माझ्या पैशाची एवढी खबर गल्लीतल्या काकूंना पण नसंल.

"सर, एफडीचं व्याज ६५,००० दिसायलंय."

म्हणलो, त्याचा टीडीएस, म्हंजे व्याजातूनच टॅक्स, बँकेनं कापलाय, विषय संपला.

"बँक १० टक्केच कापती सर. तुम्ही २० मध्ये बसता."

म्हंजे कापलेले ६,५००, अन् टॅक्स, त्याच्यावरचा सेस नावाचा जादा कर धरून, होतो १३,५२०. मी म्हणलो, अरे पण व्याजाला दहा हजाराची सूट असती ना? तर ती बचत खात्याच्या व्याजाला, एफडीला नाही. मग मी हुशारी मारली की एक एफडी मी बायकोच्या नावावर टाकलीय बघ, तिला कुठं टॅक्स बसतो. पोरगं माझ्याकडं असं बघायलं जसं मी कॉपी करणाऱ्या पोराकडं बघतो. पैसे तुमचे ना सर? मग व्याज तुमच्यातच धरायचं. व्याजात १०,००० आणखी वाढले. आता कायद्यानं ते व्याज माझं आहे ही बातमी मी अजून घरी सांगितलेली नाही, अन् सांगितली तरी ते व्याज काय मला दिसणार नाही. एकूण भरायचे ९,१००. रांगेतल्या काकांकडं बघायची हिंमतच झाली नाही.

"शेती आहे का सर?"

आहे, माझ्या नावावर अडीच एकर, पण शेतीला टॅक्स नसतो. पोरगं म्हणलं नसतो खरं, पण दाखवायची असती, अन् ५,००० च्या वर गेली तर हा 'सहज' फॉर्म चालत नाही, दुसरा भरावा लागतो. आबांना फोन लावला. त्यांनी बी, खत, फवारणी, मजुरी, मळणी सगळं तोंडपाठ सांगितलं. २०२३ चा ऑगस्ट आख्खा कोरडा गेलेला, वरून सोयाबीनला भाव नाही, खर्च जाऊन उरले ३,८००. पोरगं खूश, "बसलं सर सहजमध्ये!" आयुष्यात पहिल्यांदा सोयाबीनच्या भावाचा कुणाला तरी फायदा झाला.

चलन भरलं, फॉर्म सबमिट केला, उठलो तर म्हणलं बसा, व्हेरिफाय राहिलंय, त्याशिवाय भरला न भरला सारखाच. ३० दिवस असतेत म्हणे, पण मला आत्ताच मोकळं व्हायचं होतं. आधारवर ओटीपी गेला. आधारला लिंक असलेलं माझं जुनं सिम आबांच्या साध्या फोनमध्ये, अन् आबा शेतात.

"आबा, आता एक मेसेज आला असंल बघा, त्यातला आकडा सांगा."

"ओटीपी हाय ह्यो. कुणालाबी सांगू नाई म्हणून ब्यांकवाल्यानं बजावलंय."

"आबा, मी बोलायलोय, तुमचं पोरगं!"

"समदे चोर आसंच म्हणतेत," म्हणले, अन् फोन ठेवला.