‘श्वास २०’ लिहिण्याआधी एक मिनिट

मेडिकल किंवा सर्जिकल, कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता) उघडा आणि श्वासाचा रकाना बघा. सकाळी २०, दुपारी २०, रात्री २०. शेजारच्या बेडचेही २०. एकाला न्यूमोनिया आहे, दुसऱ्याचं कालच पोटाचं ऑपरेशन झालंय, तिसरा उद्या घरी जाणार आहे, आणि तिघांचाही आकडा एकच. हे खरं नाही हे लिहिणाऱ्या नर्सला माहीत असतं आणि वाचणाऱ्या डॉक्टरांनाही. तरीही वर्षानुवर्षं हे खपवून घेतलं जातं आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

नाडी मशीन मोजतं, बीपी मशीन मोजतं, ऑक्सिजन बोटाला लावलेला प्रोब सांगतो. श्वास मोजायला मात्र अजून माणूस लागतो. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट उभं राहायचं, तेही पेशंटला कळू न देता, कारण कळलं की श्वासाची लय बदलते. (नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही आणि श्वास मोजायचे. ही जुन्या सिस्टरांची पद्धत आजही सर्वांत चांगली.) आणि तब्येत ढासळायला लागली की बहुतेक वेळा सगळ्यात आधी हलतो तो हाच आकडा. इन्फेक्शन अंगभर पसरायला लागलं, रक्तात आम्ल वाढलं, फुप्फुसात गुठळी अडकली, आत कुठेतरी रक्त जायला लागलं, तर शरीर आधी श्वास वाढवून वेळ निभावतं. बीपी पडतं ते बऱ्याच नंतर. आपण बीपीची वाट बघत बसलो तर हातातले तास निघून जातात.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ म्हणजे नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर आणला, ज्यात श्वास, नाडी, बीपी अशा प्रत्येक आकड्याला गुण देऊन बेरीज करतात, आणि २०१७ मध्ये त्यात सुधारणा केली. त्यात श्वास १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर २, आणि २५ किंवा जास्त असेल तर ३. एकाच रकान्यात ३ गुण आले तरी डॉक्टरांनी तातडीने बघायचं. एकूण ५ झाले तर तातडी, ७ झाले तर इमर्जन्सी. आता हिशेब करा. ज्याचा खरा श्वास २६ आहे त्याच्यापुढे अंदाजाने २० लिहिलं, तर त्याचे तीन गुण आपण स्वतःच्या हाताने पुसले. स्कोअर कितीही चांगला असला तरी त्यात घातलेला आकडा खोटा असेल तर उत्तर खोटंच येणार.

पण मला खरं बोलायचंय ते याच्या पुढचं. स्कोअर आला, मॉनिटर आला, म्हणून आता नर्सने डोकं चालवायची गरज उरली नाही, असा एक समज पसरत चाललाय. स्कोअर बनवणाऱ्यांना स्वतःला तसं वाटत नाही. १ ते ४ गुण आले तर काय करायचं, हे ‘न्यूज’मध्ये स्पष्ट लिहिलंय: नर्सने पेशंटला तपासायचं, आणि निरीक्षण वाढवायचं की पुढे कळवायचं हे तिनेच ठरवायचं. वॉर्डातल्या कितीतरी पेशंटचे गुण याच टप्प्यात असतात. म्हणजे रोजचा मोठा निर्णय आपल्याकडेच आहे.

एका रात्रीचं सांगते. आतड्याच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र, पेशंट साठीचे, वजनही साठच्या आसपास. संध्याकाळी नाडी ८८, बीपी ११८/७४. दोन तासांनी नाडी ९८, बीपी ११६/८२. आणखी तासाभराने नाडी ११०, बीपी ११२/८८, श्वास २२. ताप नाही, ऑक्सिजन ठीक. स्कोअर जेमतेम ३. वरचं बीपी एकशे दहाच्या वर, म्हणजे ‘नॉर्मल’. पोटातलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, कोरडा.

ड्युटीवर एक नवी मुलगी होती, पास होऊन फार दिवस झाले नव्हते. तिने तीन बीपी एकाखाली एक लिहिले आणि वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर काढलं: ४४, ३४, २४. लघवीच्या पिशवीत तासाभरात २० मिलि. या वजनाच्या माणसाला ताशी निदान ३० तरी यायला हवी होती. हात लावून बघितलं तर गुडघ्यापासून खाली पाय गार. आणि ते सारखे उठून बसू बघत होते, तहान लागली म्हणत होते, नीट सांगता येत नव्हतं पण चैन पडत नव्हतं. शरीरातलं १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी टिकून राहू शकतं. शिरा आवळून आणि नाडी वाढवून शरीर ते सांभाळतं. म्हणूनच खालचा आकडा चढतो आणि दोन्हींतलं अंतर कमी होतं. आणि ड्रेन कोरडा आहे म्हणजे रक्त जात नाही असं अजिबात नाही, नळीत गुठळी अडकली तरी ड्रेन कोरडाच दिसतो.

तिने फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘बीपी किती?’ आणि लगेच, ‘मग ठीक आहे की, लक्ष ठेवा.’ इथे बहुतेक जणी ‘हो सर’ म्हणून फोन ठेवतात. ती म्हणाली, ‘सर, बीपी ठीक दिसतंय, पण तीन तासांत नाडी ८८ वरून ११० झाली, दोन आकड्यांतलं अंतर निम्म्यावर आलंय, लघवी २० मिलि, पाय गार आहेत आणि पेशंट बेचैन आहेत. मला आत रक्तस्राव होत असल्याची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं.’ डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, आणि पेशंट त्याच रात्री पुन्हा थिएटरमध्ये गेले. वाचले.

तिच्या बोलण्यात चार गोष्टी होत्या: आत्ता काय घडतंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला काय हवंय. जगभर हीच पद्धत ‘एसबार’ म्हणून शिकवतात. मूळची ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, तिथून हॉस्पिटलात आली. आमच्या मुलींना त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी येतात. तिसरीला जीभ अडते. ‘मला वाटतं’ म्हणायचा अधिकारच आपल्याला नाही, निदान डॉक्टर करतात, आपण फक्त ऑर्डर पाळतो, हे त्यांच्या मनावर पहिल्या वर्षापासून ठसवलेलं असतं. मला हे साफ अमान्य आहे. रोगाचं नाव देणं डॉक्टरांचं काम, मान्य. पण हा माणूस दोन तासांपूर्वी होता तसा आता नाही, हे ओळखणं आणि त्याचा अर्थ लावणं हे आपलं काम आहे. ते दुसरं कोणी करूच शकत नाही, कारण दोन तासांपूर्वी तिथे दुसरं कोणी नव्हतंच.

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये नर्सच्या निर्णयाची चार पावलं मांडली: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, नंतर त्यावर विचार करणं. लक्षात येण्याचं पाऊल पहिलं आहे, आणि त्यासाठी आधी काय ‘नेहमीचं’ हे माहीत असावं लागतं. बीटा ब्लॉकर (नाडी आणि बीपी कमी करणारी गोळी) घेणाऱ्या पेशंटची नाडी रक्त गेलं तरी फारशी वाढत नाही, त्यांचं ९० हे दुसऱ्याचं १२० असू शकतं. शुगर उतरली तरी त्यांची धडधड जाणवत नाही, घाम मात्र फुटतो. पायाला प्लास्टर घातलेला पेशंट इंजेक्शन देऊनही दुखतंय म्हणतो, बोटं जरा ताणली तरी ओरडतो. पायाची नाडी लागतेय म्हणून गप्प बसायचं नाही, कम्पार्टमेंट सिंड्रोममध्ये (आत सूज वाढून स्नायूंवर दाब येतो तेव्हा) ती जाते सगळ्यात शेवटी. आणि मॉर्फिनवर (तीव्र वेदनेसाठीचं गुंगी आणणारं औषध) असलेला पेशंट, ज्याच्याबद्दल हमखास ऐकू येतं, ‘छान झोपलेत, उठवू नका.’ उठवा. गुंगी आधी वाढते, श्वास नंतर मंदावतो. त्यातून नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास ८ वर आला तरी प्रोब बराच वेळ ९७-९८ दाखवत राहतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो आणि तो प्रोबला कळत नाही.

हे सगळं नर्सिंगच्या परीक्षेत विचारलं जात नाही असं नाही, पण सुटं सुटं विचारलं जातं. केअर प्लॅनच्या, म्हणजे पेशंटच्या काळजीच्या आराखड्याच्या, वहीत ‘वेदना, चिंता, माहितीचा अभाव’ हेच तीन मुद्दे पेशंटचं नाव बदलून उतरवले जातात. अमेरिकेत नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा एप्रिल २०२३ पासून बदलली. आता तिथे पेशंटची हळूहळू उलगडत जाणारी केस देऊन, यातलं महत्त्वाचं काय आणि आधी काय करशील हे विचारतात. आपल्या शिक्षकांनी यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट बघायला नको. बेडपाशी उभं राहून ‘आत्ता या पेशंटची तुला कशाची भीती वाटते?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

आता दुसरी बाजू, कारण सगळा भार नर्सच्या हुशारीवर टाकणं अन्यायाचं होईल. एका मिनिटाचा श्वास मोजायला मिनिट मिळायला हवं. नर्सिंग संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये, एका नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियाने २००४ पासून नर्स-पेशंट प्रमाण कायद्याने लागू केलं, २००५ पासून मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे जास्तीत जास्त पाच पेशंट. एका रात्री तीस-चाळीस पेशंट सांभाळणारी मुलगी रकान्यात २० लिहिते तेव्हा तिला रागावण्याआधी ड्युटी लिस्ट बनवणाऱ्यांना प्रश्न विचारायला हवा. मी दोघांनाही विचारते.

डॉक्टरांना एकच विनंती. नर्स ‘मला हे पेशंट बरे वाटत नाहीत’ म्हणाली आणि कारण सांगता आलं नाही, तरी या. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नर्सच्या अशा ‘काळजी वाटण्या’मागे काय असतं ते शोधलं. श्वासातला बदल, त्वचेचा रंग, बेचैनी, वाढती वेदना, वागण्याबोलण्यातला फरक अशी खरीखुरी लक्षणं त्यामागे निघाली. शब्द सापडायच्या आधी ती डोळ्यांना दिसलेली असतात.

आणि नातेवाईकांनो, तुमचंही ऐकायला हवं. ‘न्यूज’च्या २०१७ च्या आवृत्तीत नव्याने सुरू झालेल्या गोंधळलेपणाला थेट ३ गुण दिलेत, आणि तो सगळ्यात आधी ओळखता तुम्ही, कारण माणूस एरवी कसा बोलतो हे तुम्हालाच माहीत असतं. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या इन्फेक्शनने, गेली. आईवडील काळजी बोलून दाखवत होते, ती गांभीर्याने घेतली गेली नाही. त्यानंतर २०२४ पासून तिथे ‘मार्थाज रूल’ लागू व्हायला लागला: पेशंट किंवा घरचे स्वतः दुसऱ्या टीमकडून तातडीची तपासणी मागू शकतात. असा नियम असो वा नसो, ‘बाबा आज वेगळंच बोलतायत’, ‘आईने सकाळपासून डोळे नीट उघडले नाहीत’, ‘काल एवढी धाप नव्हती’ हे असंच, याच शब्दांत सांगा, कधीपासून तेही सांगा. सिस्टर ‘बघते’ म्हणून पुढे गेली तर पाच मिनिटांनी पुन्हा सांगा.