वडिलांच्या नावाचा रकाना

परत तेच! लेकीचा फॉर्म, ‘वडिलांचे नाव’पुढे लाल चांदणी आणि खिडकीतून प्रश्न, “मिस्टर कुठे असतात?” मागे सात-आठ माणसांची रांग, सगळ्यांचे कान टवकारलेले. घटस्फोटाला नऊ वर्षं झाली हो! फी मी भरते, रात्री ताप मोजते मी, आणि सही मात्र त्यांची हवी.

पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून आई-वडिलांपैकी एकाचं नाव चालतं. अविवाहित आईला वडिलांच्या संमतीशिवाय पालकत्व मागता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलंय. आपल्या राज्याने २०२४ मध्ये सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचा निर्णय घेतला. मग या खिडकीपर्यंत यातलं काहीच कसं पोचत नाही?

आमच्याच मजल्यावर एक आजी एकट्या नातवाला वाढवतायत. त्यांनी काय लिहायचं?

काल लेकीने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात माझं नाव लिहिलं. खिडकीतून फॉर्म परत आला. तिच्या अक्षरांवर लाल शाईची फुली मारून! अकरा वर्षांची आहे ती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.