बुजणारा घोडा नाटक करत नसतो

‘बुजरा घोडा सात दिवसांत निडर’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या घोडेवाल्यांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो चौघांकडून आला. एकाने तर वर ‘ताई, खास तुमच्या रंभासाठी’ असंही लिहिलं होतं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: रपेटीला नेलेला घोडा बुजला तर तो नाटक करतोय असं समजा. ज्या वस्तूला बुजला तिच्यासमोर नेऊन उभा करा, गप्प होईपर्यंत सोडू नका. लगाम आखडून धरा. घोड्याला माणसाच्या भीतीचा वास येतो, म्हणून छाती काढून बसा. काल पाहिलेल्या वस्तूला आज बुजला तर तो हट्ट आहे. एवढ्यानेही नाही सुधारला तर दाणा तोडा, मस्ती उतरेल.

आधी ‘नाटक’ बघू. रंभा माझी काठेवाडी घोडी, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका तबेल्यात असते. (रस्त्याच्या नावात घोडा आहे, पण रस्त्यावर मेट्रोचे खांब, पत्रे आणि डंपर. म्हणून आम्ही उजाडायच्या आत निघतो आणि ओवळ्याकडून डोंगराच्या पायथ्याशी जाणारी कच्ची वाट धरतो.) त्या वाटेच्या तोंडाशी सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी एक शहाळेवाला गाडी लावतो. गाडीवर निळी ताडपत्री. पहिल्या दिवशी तिचं एक टोक वाऱ्याने फडफडलं आणि रंभा जागच्या जागी खिळली. मान वर, कान टवकारलेले, नाकपुड्या रुंद. खोगिराखालून तिच्या छातीची धडधड माझ्या पोटऱ्यांना जाणवत होती. नाटक करणाऱ्याचं काळीज असं धडधडत नाही.

तिला दिसतं तेही आपल्यासारखं नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. त्यामुळे मागे कडेला हललेलं प्लास्टिक माझ्या आधी तिला दिसतं. निळा-पिवळा तिला नीट ओळखता येतो, लाल-हिरव्यात गल्लत होते. झाडीपुढची निळी ताडपत्री म्हणजे तिच्यासाठी चांगलीच उठून दिसणारी वस्तू. शिवाय उन्हातून गर्द सावलीत शिरताना तिच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. झाडाखाली शिरताना घोडा अडला तर टाच मारण्याआधी दहा श्वास थांबून बघा.

आता मेसेजचा मुख्य उपाय: समोर उभा करा आणि सोडू नका. असं केल्यावर काही घोडे गप्प होतात, हे खरं आहे. पण त्यातले बरेच सुटका नाही हे कळल्यामुळे गप्प झालेले असतात. असा घोडा आठवडाभर शहाण्यासारखा वागतो आणि एके दिवशी काही इशारा न देता उधळतो. डेन्मार्कमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरण्या घोड्यांना फडफडणाऱ्या नायलॉनच्या पिशवीची तीन तऱ्हांनी सवय लावली होती: थेट सामना, खाऊ देऊन, आणि थोडं थोडं करून. थोडं थोडं करून शिकवलेले सगळे घोडे शिकले. बाकी दोन तऱ्हांत काही शेवटपर्यंत शिकले नाहीत.

आमच्याकडे हे प्रयोगाशिवायही माहीत होतं. तबेल्यातले मोतद्दार काका त्या पहिल्या दिवशी बरोबर चालत होते. मी टाच मारणार तेवढ्यात म्हणाले, “ताई, आज नको. उद्या परत येऊ. ताडपत्री कुठं पळून जातीय?” मग चाळीसेक पावलांवर, जिथून ती बघत होती पण पळायचं म्हणत नव्हती, तिथे तिला उभं केलं. मान खाली आली, तिने गवताला तोंड लावलं, की लगेच वळून परत. म्हणजे शांत झाल्याचं बक्षीस लांब जाणं. दुसऱ्या दिवशी पस्तीस पावलं. एका पावसाळी सकाळी परत साठ, कारण वारा होता. गाडीशेजारून सैल लगामाने जायला आम्हाला सात दिवस नाही, पाच आठवडे लागले.

यात मोठी मदत झाली ती तबेल्यातल्या एका म्हाताऱ्या वरातीच्या घोड्याची. बँड, फटाके, डोळ्यांवर मारलेले दिवे, नाचणारे मामे, सगळं पचवलेला. तो पुढे चालायचा आणि रंभा त्याच्या मागे. निर्ढावलेल्या सोबत्याबरोबर नवखा घोडा कमी घाबरतो, हेही डेन्मार्कमध्ये तपासून झालं आहे. मेसेजमध्ये सोबतीचा ‘स’सुद्धा नाही.

लगाम आखडण्याबद्दल फार बोलत नाही. दोन्ही लगाम खेचले की घोड्याला डोकं वळवून बघता येत नाही आणि पुढेही जाता येत नाही, मग तो वर जातो, मागच्या दोन पायांवर. एकच लगाम हलका घेऊन मान थोडी वळवा, गोलात चालवा, पाय चालू ठेवा.

भीतीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण त्यावर सांगितलेला उपाय उलटा. स्वीडनमध्ये २००९ साली स्वारांना सांगितलं होतं की पुढच्या फेरीला वाटेत छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. हे शरीरातून पोहोचतं: मांड्या आवळतात, श्वास अडकतो, हात ताठ होतात. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा टापा मारून गणितं सोडवतो असं लोक मानत होते. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या बारीक हालचाली वाचत होता, हे १९०७ मध्ये दाखवून दिलं गेलं. अशा जनावरापुढे छाती काढून बसणं म्हणजे ताठरपणात भरच. मी मोठ्याने पाढे म्हणते. पाढे म्हणताना श्वास रोखता येत नाही. फिरायला आलेल्या काकूंना हसू येतं, येऊ दे.

‘काल पाहिलं, आज बुजला’ याला हट्ट म्हणणाऱ्यांनी एक अमेरिकन प्रयोग लक्षात घ्यावा. घोड्यांना लहान मुलांच्या खेळण्याच्या एका रंगीत सेटची पुरती सवय केली, मग तोच सेट जागेवरच ९० अंशांत फिरवून ठेवला. घोडे त्याच्याकडे नवीन वस्तू असल्यासारखे बघू लागले. म्हणून जाताना न बिचकलेली रंभा त्याच दगडाला परतताना बिचकली तर मी तिला परतीच्या बाजूनेही तो दगड दाखवते. दोन्हीकडून.

राहिला दाणा. दिवसभर बांधून ठेवलेल्या घोड्याला भरपूर दाणा चारला तर तो तापट होतो, हे अर्धं खरं. तेव्हा दाणा कमी करा, बाहेर काढणं वाढवा, पण चारा तोडू नका. घोड्याच्या पोटात आम्ल सतत झिरपत असतं. पोट तासन्‌तास रिकामं राहिलं तर जखमा होतात आणि दुखऱ्या पोटाचा घोडा जास्तच बुजतो. आधी खोगीर पाठीला लागतंय का, दात टोचतायत का, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. रंभाच्या बाबतीत अर्धा दोष खोगिराचाच निघाला होता, आणि मी दोन महिने तिलाच बोल लावत होते.

गेल्या आठवड्यात शहाळेवाल्याने ताडपत्री काढून मोठी पिवळी छत्री लावली. जागा तीच, माणूस तोच. रंभा चाळीस पावलांवर थांबली, कान पुढे. शहाळेवाल्याने लांबूनच विचारलं, “छत्री मिटू का, ताई?” मी नको म्हणाले आणि बे एके बेपासून सुरुवात केली.