‘चिन्हांचा तक्ता पाठ करा, चित्र कळेल’ हे पटत नाही, का ते सांगते

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. जुन्या चित्रांतल्या प्रत्येक वस्तूला ठरलेला अर्थ असतो, घुबड म्हणजे ज्ञान, कुत्रा म्हणजे निष्ठा, एवढं पाठ केलं की कुठलंही चित्र कळतं. पुराणकथेचं चित्र म्हणजे नुसती गोष्ट रंगवलेली, आणि मॉडर्न आर्ट आलं तसं हे सगळं संपलं. भरपूर जणांनी सेव्ह केलीय म्हणून लिहितेय.

ठरलेला अर्थ: घुबड ग्रीकांची ज्ञानाची देवी अथीना हिच्यापाशी असलं तर ज्ञान, आपल्याकडे लक्ष्मीचं वाहन, आणि जुना डच चित्रकार बॉशच्या चित्रांत बऱ्याचदा अशुभ. मग पाठ काय करायचं? कुत्र्याचंही तेच. चित्रकार व्हॅन आयकच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रातला कुत्रा निष्ठेचं चिन्ह, असं कला-इतिहासकार पॅनॉफ्स्कीने १९३४ मध्ये मांडलं, पण पुढे कितीतरी अभ्यासकांना ते वाचन पटलं नाही. हां, त्रिशूळ दिसला की शंकर ओळखू येतो, तेवढ्यापुरता तक्ता कामाचा, पण ओळख पटली म्हणजे चित्र कळलं असं नाही ना.

‘नुसती गोष्ट’ हे तर सगळ्यात जास्त खटकलं. ब्रसेल्सच्या म्युझियममधलं इकॅरसच्या पतनाचं चित्र झूम करून बघा. इकॅरस म्हणजे ग्रीक कथेतला तो मुलगा, बापाने केलेले मेणाचे पंख लावून उडाला, सूर्याच्या फार जवळ गेला आणि पंख वितळून समुद्रात पडला (चित्र ब्रूगेल या चित्रकाराच्या नावावर आहे, त्याच्याच हातचं की नक्कल हा वाद वेगळा). ही गोष्ट सांगणाऱ्या रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात नांगरणारा, मेंढपाळ आणि गळ टाकून बसलेला माणूस उडणाऱ्या बापलेकांकडे बघून थक्क होतात, त्यांना ते देवच वाटतात. चित्रात तीच तीन माणसं आहेत, पण लाल बाह्यांचा शेतकरी मान खाली घालून नांगरतोय, मेंढपाळ वर बघतोय खरा पण समुद्राकडे पाठ करून, गळवाला तर अगदी जवळ बसलाय तरी त्याचं लक्ष नाही आणि ज्याच्या नावाचं चित्र तो इकॅरस कुठाय, तर उजव्या कोपऱ्यात जहाजाजवळ पाण्याबाहेर राहिलेले दोन पाय, बस्स. चित्रकाराने गोष्टच फिरवलीय, आणि तीही कुठल्या चिन्हाने नाही, कोणाला किती जागा दिली आणि कोणाची नजर कुठे वळवली एवढ्यावर. हे कुठल्या तक्त्यात सापडणार?

स्वतःच्या पोराला खाणारा रोमन देव सॅटर्न घ्या. चित्रकार रुबेन्सने १६३६ मध्ये रंगवला तेव्हा हातात कोयत्यासारखं लांब हत्यार, वर तीन तारे, सगळी ओळख जागच्या जागी. स्पॅनिश चित्रकार गोयाने १८१९ ते १८२३ च्या दरम्यान स्वतःच्या घराच्या भिंतीवर रंगवला त्यात हत्यार नाही, तारे नाहीत, सॅटर्न हे नावसुद्धा त्याने दिलेलं नाही, नुसता काळोख आणि ते विस्फारलेले डोळे. पोस्टचं म्हणणं खरं असतं तर चिन्हं गेल्यावर हे चित्र मुकं व्हायला हवं होतं, पण उलट तेच जास्त अंगावर येतं.

आणि मॉडर्न आर्टमध्ये संपलं म्हणे! पिकासो १९३० च्या दशकात मिनोटॉर, म्हणजे ग्रीक कथेतला बैलाच्या डोक्याचा माणूस, पुन्हा पुन्हा काढत होता. आपल्याकडचे चित्रकार तैयब मेहता यांनी तर १९९० च्या दशकात महिषासुर रंगवला, आणि त्यात देवी आणि रेडा एकमेकांत असे गुंतलेत की वध चाललाय की मिठी, हे पटकन ठरवता येत नाही.